परिषद पुढे ढकलावी लागते तेव्हा



आमंत्रण घेऊन मंडळी आली तेव्हा मी मोंढ्यात होतो. एका ट्रकच्या भरणीवरून हमाल आणि गाडीवाला यांचा तंटा लागला होता आणि पोत्यांच्या थप्पीला टेकून मी तो मिटवीत होतो. मंडळींनी विषय सुचवला, ‘कामगार चळवळीचे भवितव्य’. मी म्हटले, भवितव्यावर बोलणारी शिकलेली माणसे पुष्कळ आहेत. मला बोलायचेच असेल तर माझ्या एका फजितीवर बोलू द्या. मंडळींनी एकमेकांकडे पाहिले. पण वक्ता बिनमानधनाचा होता, म्हणून मान्य झाले.

माझे शाळेतले शिक्षण सातवीपाशी संपले. पुढचे वाचनालयाच्या बाकावर झाले, तेही मोंढा बंद असे त्या दिवशी. तेव्हा बोलताना कुठे अडखळलो तर सांभाळून घ्यावे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती वक्त्याने श्रोत्यांना चार गोष्टी शिकवाव्यात म्हणून. आज उलटा प्रकार आहे. मी इथल्याच काही श्रोत्यांकडून शिकून आलो आहे, आणि त्यांतल्या दोघीतिघी मागच्या रांगेत बसलेल्या मला दिसत आहेत.

गोष्ट गेल्या वर्षीची, सप्टेंबर २०२५ची. हमाल, मापाडी, गोदामातले कामगार आणि धान्य चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बाया यांची एक परिषद निलंग्यात भरवायची असे आमच्या संघटनेने ठरवले होते. तारीख महिन्याच्या शेवटच्या रविवारची. ही तारीख सहज घेतलेली नव्हती. सोयाबीनची आवक सुरू झाली की मोंढ्यात कोणाला मान वर करायला सवड नसते. आणि हमालीचे दर ठरायचे ते आवक सुरू होण्याच्या आधीच. पोती येऊन पडल्यावर कोणी दर वाढवीत नाही. दुसरा प्रश्न नोंदणीचा. माथाडी कायदा १९६९चा, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. पण आमच्यातली निम्मी माणसे अजून त्याच्या बाहेर. चाळणीच्या बाया तर कोणाच्याच वहीत नाहीत. त्यांचे नाव प्रथमच एका ठरावात यायचे होते. परिषदेचे महत्त्व ते एवढे होते.

तयारी जोरात झाली. मंगल कार्यालय ठरले, जेवणाला भात ठरला. (निलंग्यात परिषद आणि निलंगा राईस नाही, असे झाले तर लोक ठरावाच्या विरुद्ध मत देतील.) पुण्याहून एक पाहुणे यायचे होते. आणि प्रचाराचे काम आम्ही एका तरुण कार्यकर्त्याकडे दिले. पोरगा हुशार. त्याने मोबाईलवर रंगीत पत्रक केले. वर परिषदेचे नाव, मध्ये तारीख, वेळ, जागा आणि खाली माझा फोटो. मी नको म्हटले, पण फारसे जोराने म्हटले नाही, हे कबूल करतो. ते पत्रक चाळीसएक व्हॉट्सअॅप गटांवर गेले. शिवाय फेसबुकच्या पानावर रोज एक याप्रमाणे मजकूर आपोआप यावा अशी सोय त्याने आठवडाभर आधीच करून ठेवली: आज ‘फक्त पाच दिवस उरले’, उद्या ‘फक्त चार दिवस’. मला हे यंत्राचे कौतुक वाटले. गिरणीला पट्टा लावून दिला की माणूस विडी ओढायला मोकळा, तसे.

आणि पाऊस लागला. त्या पावसाचे वर्णन मी इथे करणार नाही; तुम्ही सर्वांनी तो अंगावर घेतला आहे. तेरणा आणि मांजरा दोन्ही फुगल्या, हाताशी आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले, गावांच्या वाटा तुटल्या. बुधवारी आमची बैठक बसली. परिषद घ्यायची की नाही? काही जण म्हणाले, पुढे ढकला. काही म्हणाले, पाऊस उघडेल. एक जुना कार्यकर्ता म्हणाला, ढकलली तर आडते हसतील. म्हणतील, यांची माणसे जमत नाहीत, पावसाचे निमित्त केले. खरे सांगतो, मला हेच शेवटचे वाक्य लागले. मी म्हटले, शुक्रवारपर्यंत वाट पाहू. शुक्रवारी म्हटले, शनिवारी सकाळी बघू. शनिवारी दुपारी पाहुण्यांचा निरोप आला की गाडी निघू शकत नाही. आणि कार्यालयात पाणी शिरल्याचे संध्याकाळी कळले. तेव्हा, म्हणजे रात्री नऊ वाजता, आम्ही परिषद पुढे ढकलली. पोराने नवे पत्रक केले आणि सोडले.

मधल्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती, ती मला फार उशिरा समजली. ज्या दिवशी नदीकाठच्या गावांत लोक धान्याचे डबे डोक्यावर घेऊन घराबाहेर पडत होते, त्या दिवशी आमच्या संघटनेच्या नावाने सकाळी आठाच्या ठोक्याला मजकूर निघाला: ‘उत्साहाचे वातावरण! फक्त दोन दिवस उरले!’ खाली फुगे आणि फटाके. कोणी मुद्दाम केले नव्हते. आधी लावून ठेवलेले यंत्र आपले काम करीत होते. त्याखाली एका हमालाने लिहिले, ‘आमच्या घरात कमरेएवढे पाणी आहे, उत्साह कुठे आहे ते सांगा, येतो.’ पोराला मी रागावलो. मग लक्षात आले की पट्टा लावताना मी शेजारीच उभा होतो. तो काढायचा कोणी, हे मीही विचारले नव्हते.

रविवारी सकाळी साडेदहाला मी कार्यालयापाशी गेलो, सहज, चिखल किती आहे ते पाहायला. बंद फाटकापुढे एक टेंपो उभा होता आणि कट्ट्यावर एकोणीस बाया बसल्या होत्या. चाळणीवाल्या. नदीपलीकडच्या एका गावाहून लांबचा वळसा घालून आलेल्या. टेंपोचे दोन हजार रुपये त्यांनी वर्गणी काढून दिले होते. मी म्हटले, ‘अहो, परिषद पुढे गेली, निरोप नाही मिळाला?’ त्यांच्यातल्या एका वयस्क बाईने लेकाचा मोबाईल पुढे केला. त्यावर पत्रक होते, जुने. आणि ते त्याच दिवशी पहाटे कोणीतरी पुढे पाठवलेले होते. ती म्हणाली, ‘भाऊ, फोटू तर तुमचाच हाय की.’

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुपारी परतीची वाट बंद झाली. रात्री त्या आमच्या कार्यकर्त्यांच्या घरी राहिल्या, सहा माझ्या घरी. त्यांतल्या एकीच्या घराची भिंत त्याच रात्री पडली आणि ती तिथे नव्हती. माणसे वाचली, पण दोन शेळ्या गेल्या. टेंपोचे पैसे संघटनेने दिले. शेळ्यांचे पैसे तिने घेतले नाहीत. म्हणाली, घरी असते तरी भिंत पडलीच असती. असती की नसती, मला माहीत नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी हाच अभ्यास केला: नवे पत्रक मागे राहिले आणि जुने पळत राहिले, हे कसे? पोराला घेऊन बसलो. मोबाईलचा कारभार त्याने मला समजावून दिला, आणि तो तुम्हालाही सांगण्यासारखा आहे, कारण तुमच्या जयंतीच्या, सप्ताहाच्या, लग्नाच्या पत्रिकाही याच वाटेने जातात.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मजकूर दुरुस्त करता येतो, पण पंधरा मिनिटांच्या आत. सर्वांच्या मोबाईलवरून पुसता येतो, पण दोन-अडीच दिवसांच्या आत आणि फक्त आपण स्वतः जिथे पाठवला तिथलाच. दुसऱ्याने तो उचलून पुढे पाठवला की ती निराळी प्रत झाली. तिच्यावर आपला काही हक्क उरत नाही. चित्राच्या रूपातल्या पत्रकात तर अक्षरही बदलता येत नाही. छापखान्यातून दहा हजार पत्रके काढून वाऱ्यावर सोडावीत आणि मग एकेक परत गोळा करू म्हणावे, तशातला हा प्रकार.

दुसरे असे की एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येतो. ही मर्यादा भारतात २०१८ सालच्या जुलैत आली, आणि ती का आली हे महाराष्ट्राने विसरू नये. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुले पळवणारी टोळी आली अशा अफवेवरून जमावाने भिक्षेकरी जमातीतल्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारले. देशात आणखीही अशा हत्या त्या काळात झाल्या. तेव्हा मर्यादा योग्यच आहे. पुढे एप्रिल २०२०पासून, जो मजकूर फार हातांतून आला तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. पण जुन्या पत्रकाला आठ दिवस मिळाले होते, आणि नव्याला एक रात्र. शिवाय गंमत पाहा, पहिले पत्रक लोकांनी आनंदाने पुढे पाठवले. ‘पुढे ढकलली’ हे कोणी पाठवत नाही. वाचतो, ‘बरं’ म्हणतो आणि झोपतो.

तिसरी गोष्ट: एकाच वेळी पुष्कळांना वेगवेगळा निरोप पाठवायची एक यादी असते. आम्ही ती वापरली होती. त्या यादीतला निरोप ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवला आहे त्यांनाच मिळतो. हे आम्हाला ठाऊकच नव्हते. आम्ही त्यांचे नंबर ठेवले होते. त्यांनी आमचा ठेवला आहे की नाही हे कोणी विचारले नव्हते. संघटनेच्या कामातही असे होते. आपण सभासदाला ओळखतो असे समजून चालतो.

आणि चौथी गोष्ट मोबाईलची नव्हेच. त्या बायांकडे मोबाईल नाहीत. मोबाईल लेकाचा. लेक रात्री उशिरा येणार, त्याच्या मनात आले तर आईला सांगणार. आमच्या यादीवर नाव होते लेकाचे, आणि मोंढ्यात धूळ खाणारी होती आई.

आता अडचण आली म्हणून सभा हलवावी लागणे ही काही नवी गोष्ट नाही. आपल्याच मुलखाचे पाहा. निलंगा तेव्हा निजामी राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी लागे, आणि राजकीय परिषदेला ती मिळायची नाही. तेव्हा हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने राज्याच्या हद्दीबाहेर भरली: १९२३ला काकिनाडा, १९२६ला मुंबई, १९२८ला पुणे, १९३१ला अकोला. हैदराबादच्या लोकांची परिषद, पण हैदराबादेत नाही! राज्याच्या आत महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते १९३७ साली परतूरला. म्हणजे चौदा वर्षे ती माणसे जागा बदलत राहिली, पण बोलायचे ते बोलत राहिली.

जागा बदलणे मात्र नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. १९०७चे काँग्रेसचे अधिवेशन नागपूरला व्हायचे होते, ते सुरतेला नेले. आणि ते टिळकांच्या पक्षाला अडवण्यासाठीच नेले असा राग त्यातून उठला. अधिवेशन जोडाफेकीत मोडले. जागेच्या बदलाचे कारण लोकांना पटले नाही की बदल हेच भांडणाचे मूळ होते. उलट १८९५ साली पुण्याला, सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवू देणार नाही असा विरोधकांनी हट्ट धरला, तेव्हा रानड्यांनी मंडप सोडला आणि आपली परिषद वेगळ्या जागी भरवली. त्या वेळी पुष्कळांना तो पराभव वाटला असेल. मी कामगारांत वावरणारा माणूस, मला माघार आवडत नाही. पण रानड्यांनी मंडप दिला, परिषद दिली नाही, हे मला आता जास्त समजते.

आणि सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना १९३६च्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. बाबासाहेबांनी भाषण लिहिले, छापायला दिले. मंडळातल्या काही लोकांना ते भाषण पेलवेना. हा भाग गाळा, तो भाग सौम्य करा, अशी पत्रे आली. बाबासाहेबांनी मजकूर बदलायला नकार दिला, आणि मंडळाने परिषदच रद्द केली. आता विचार करा, परिषद झाली असती तर त्या मंडपातल्या लोकांनी ते भाषण ऐकले असते, टाळ्या दिल्या असत्या, काहींनी दिल्या नसत्या. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने पुस्तक म्हणून प्रसिद्ध केले. पंधराशे प्रतींची पहिली आवृत्ती दोन महिन्यांत संपली, भाषांतरे होऊ लागली. आणि जे भाषण कधी झालेच नाही ते आज नव्वद वर्षांनी लोक वाचत आहेत. परिषद भरवणाऱ्यांपैकी कितीजणांची नावे आपल्याला आठवतात?

असाच, लहान प्रमाणावर, प्रकार २०१९च्या जानेवारीत यवतमाळच्या साहित्य संमेलनात झाला. नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचे निमंत्रण देऊन ते मागे घेतले गेले; त्यांचे न झालेले भाषण मराठीत होऊन वर्तमानपत्रांतून आणि मोबाईलवरून गेले. मी स्वतः ते मोंढ्यात उभ्याने वाचले. झाले असते तर वाचले असते की नाही, शंका आहे.

साहित्य संमेलनवाल्यांकडून आम्हा मंडळींनी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. २००९ साली महाबळेश्वरचे संमेलन अध्यक्षाशिवाय पार पडले. नाशिकचे ९४वे संमेलन मार्च २०२१मध्ये व्हायचे होते. करोनामुळे पुढे गेले, ३ ते ५ डिसेंबरला झाले, जागा शहरातून आडगावला गेली, आणि अध्यक्ष जयंत नारळीकर प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. तारीख गेली, जागा गेली, अध्यक्ष घरी. तरी संमेलन झाले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, एप्रिल २०२२च्या २२ ते २४ तारखांना, ९५वे आपल्या उदगीरला भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली. आपल्याकडचा एप्रिल! मी एक दिवस गेलो होतो. पुस्तकांच्या दुकानांत हिंडलो, आणि कोणत्या मंडपात कोणता परिसंवाद याच्यापेक्षा सावली कोणत्या मंडपात याची चौकशी जास्त केली.

तर आम्ही काय केले ते सांगतो. ऑक्टोबरात पुन्हा बसलो. परिषद कशासाठी होती, हा प्रश्न मी प्रथम विचारला, आणि उत्तर यायला बराच वेळ लागला. कोणी म्हणाले, शक्तिप्रदर्शन. कोणी म्हणाले, पाहुण्यांचे विचार. शेवटी निघाले ते एवढेच: दर ठरवणे, नोंदणीची मागणी, आणि चाळणीच्या बायांचा ठराव. यातल्या कशालाही सहाशे माणसे एका छपराखाली लागत नाहीत. आवक तर सुरू झाली होती. म्हणून एका मोठ्या परिषदेऐवजी चार लहान सभा केल्या, निलंगा, औराद शहाजानी, कासार सिरसी आणि नदीपलीकडचे ते गाव. ठराव तेच, चारही ठिकाणी शब्दशः वाचले, हात वर करून मोजले आणि बेरीज केली. आडत्यांपुढे आम्ही ती बेरीज ठेवली. दर पूर्ण मिळाला नाही. मागितल्याच्या निम्म्याला थोडा कमी मिळाला. ऐन वेळी परिषद झाली असती तर जास्त मिळाला असता असे म्हणणारे आमच्यात अजून आहेत, आणि ते चूक आहेत असे मी म्हणू शकत नाही.

पाहुण्यांचे भाषण त्यांनी मोबाईलवर करून पाठवले, अकरा मिनिटांचे. औरादला ते लावले. तिसऱ्या मिनिटाला लोक चहाला उठले. पुढच्या सभांत ते न लावता त्यातल्या दोन गोष्टी मीच सांगितल्या. पाहुणे रागावले नाहीत.

निरोपाची पद्धत मात्र पार बदलली. आता प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो. मी स्वतःच्या आवाजात बोलतो: ‘हा निरोप तिसरा. पहिला आणि दुसरा रद्द. आज अमुक तारीख.’ आवाज अशासाठी की वाचता न येणाऱ्यालाही तो कळतो आणि फोटो लावून कोणी माझा आवाज काढू शकत नाही. (पोरगा म्हणतो, आता आवाजही काढता येतो. येऊ द्या, तेव्हा बघू.) जुने पत्रक रद्द करायचे तर त्याच चित्रावर तांबडी फुली मारून तेच पुन्हा पाठवतो, म्हणजे ज्याने जुने पाहिले त्याला ओळख पटते. प्रत्येक टोळीत एक माणूस नेमला आहे. त्याने निरोप किती जणांना तोंडाने सांगितला तो आकडा उलट कळवायचा. आकडा आला नाही तर निरोप पोचला नाही असे धरायचे. सभा घ्यायची की नाही याचा निर्णय तीन दिवस आधी संध्याकाळी सहाला, त्यानंतर नाही. आणि तो निर्णय माझ्याकडे एकट्याकडे नाही, कारण आडते हसतील ही भीती मला जास्त वाटते असे बैठकीत सिद्ध झाले. आधी लावून ठेवलेला मजकूर पूर्ण बंद. गावात ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा, आणि भोंगा नादुरुस्त असेल तर हलगी. पोराला प्रथम हे हलगी प्रकरण कमीपणाचे वाटले. हल्ली तो हलगीवाल्याचेच चलत्चित्र काढून गटावर टाकतो, आणि ते मात्र लोक आनंदाने पुढे पाठवतात.

कापडी फलकावर तारीख छापणेही आम्ही सोडले. सप्टेंबरचा फलक वाया गेला असे वाटले होते. पण ज्या बाईची भिंत पडली तिच्या छपरावर तो दिवाळीपर्यंत होता. मी गेलो तेव्हा माझा चेहरा उलटा, आभाळाकडे हनुवटी करून, पावसाचे पाणी अडवीत होता.

चौथी सभा त्याच गावात, जानेवारीत झाली. आदल्या रात्री नऊला मला फोन आला. नंबर अनोळखी. ‘भाऊ, उद्या नक्की हाय नव्हं?’ मी म्हटले, नक्की आहे. ‘फोटूचं नगा सांगू, तुमी सोता येताव का?’ मी म्हटले, स्वतः येतो. त्या गावच्या टोळीचे निरोप आता त्याच बाईकडे जातात. तिने पहिल्या चाळणीच्या पैशांतून बटणांचा एक साधा फोन घेतला आहे, त्यावर चित्र येत नाही. आणि आकडा सर्वांच्या आधी तिच्याकडून येतो. आजच्या व्याख्यानाचा निरोपही मी तिला परवाच दिला होता. आज सकाळी तिने उलट कळवले, ‘तिघी येताव.’

मागच्या रांगेत तिघी आहेत.